ओंजळीचा डाव

एकदा एका तरुणाला एका प्रश्नाने असे धरले, की त्याचे जेवणाखाण्यात लक्ष लागेना. प्रश्न ईश्वराचा नव्हता, मोक्षाचाही नव्हता. प्रश्न होता एका डावाचा.

जावा बेटावर एका ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशी एक नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवर भाताची शेते आहेत आणि दोन गावे आहेत. तिथे सिलाट ही युद्धविद्या शिकवणारा एक जुना संघ होता. लोक त्याला 'पसेदुलुरान' म्हणत. त्या शब्दाचा अर्थ भाऊपण, भावकी. आपल्याकडे भावकी म्हटले की आधी भांडण आठवते. तिकडेही काही निराळे घडले नव्हते. संघाचा मूळ पुरुष रेक्सो वारला आणि त्याच्या दोन पट्टशिष्यांनी नदीच्या दोन काठांवर दोन आखाडे मांडले. खरा वारस मीच, असे दोघेही म्हणत राहिले. पुढे ते दोघेही वारले, पण वाद मागे राहिला. पूर्वकाठचे लोक सांगत, रेक्सो हा बंडखोर राजपुत्राच्या सैन्यातला सरदार होता. पश्चिमकाठचे सांगत, तो गुहेत तप करणारा सिद्धपुरुष होता. दोन्ही कथा ऐकायला छान होत्या, आणि दोन्हीकडची मुले त्या ऐकतच मोठी होत.

वादाचे मूळ मात्र एका डावात रुतले होते. संघाची विद्या एका ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत गुंफलेली होती. पवित्रा, हूल, पेच, आघात असे करत ती मालिका पुढे सरके आणि शेवटच्या आघाताने प्रतिस्पर्धी जमिनीवर जाई. तिथे ती संपायला हवी होती. पण त्यानंतर आणखी एक हालचाल होती. लढवय्याने एक गुडघा जमिनीला टेकायचा, कमरेतून वाकायचे, दोन्ही तळहात वर करून जमिनीलगत न्यायचे आणि पाणी भरल्यासारखे सावकाश वर आणायचे. या डावाचे नाव होते ओंजळ.

शत्रूपुढे वाकणे म्हणजे त्याच्या हाती आपली मान देणे. मग लढाईच्या विद्येत हे आले कुठून? पूर्वकाठचे म्हणत, ही घोट्याला बांधलेली सुरी उपसण्याची खूण आहे. पश्चिमकाठचे म्हणत, सुरी नव्हे, ही शत्रूच्या डोळ्यांत फेकायची धूळ आहे. या सुरीवरून आणि धुळीवरून बाजारात, लग्नात, अगदी मयतालाही डोकी फुटली होती.

आपला तरुण पूर्वकाठचा. नाव दार्सोनो. कौले थापण्याचा धंदा. चिखल तुडवून तुडवून त्याचे पाय खांबासारखे झाले होते आणि आखाड्यात त्याला उलथवणारा कोणी उरला नव्हता. त्याला आजवर ओंजळीबद्दल कधी शंका आली नव्हती. वस्तादांनी सुरी म्हणून सांगितले, त्याने सुरी म्हणून केले.

एके दिवशी नदीवरच्या पुलापाशी बाजार भरला होता. पश्चिमकाठचा लेगिमान नावाचा शेतकरी तिथे कुदळीला दांडा घ्यायला आला होता. तोही नावाजलेला लढवय्या. बोलता बोलता विषय निघालाच.

"तुमच्याकडे सुऱ्या फार," लेगिमान म्हणाला. "मूळ पुरुषाला सुरी लागत नव्हती. ती त्याच्या नावावर तुम्ही खपवलीत."

"आणि धूळ?" दार्सोनो म्हणाला. "ती कुणी खपवली? डोळ्यांत धूळ फेकणारा सिद्धपुरुष पाहिलाय का कुणी?"

लोक हसले. लेगिमानला ते हसणे झोंबले. त्याने दांडा खाली ठेवला आणि पवित्रा घेतला. पुढचे फार वेळ चालले नाही. दार्सोनोने त्याला हूल देऊन खांद्यावर आपटले. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या भाजीवालीलाही ऐकू गेला.

आणि नेमकी तिथेच एक विचित्र गोष्ट घडली. लेगिमान पडल्याबरोबर दार्सोनोचे शरीर सवयीने पुढे गेले. त्याचा गुडघा टेकू लागला, पाठ वाकू लागली, हात खाली जाऊ लागले. वर्षानुवर्षे मालिका घोटल्यावर शरीर कोणाला विचारत नाही. खाली पडलेल्या लेगिमानने ते पाहिले आणि धड असलेला हात चेहऱ्यावर आडवा धरला. त्याला वाटले, आता सुरी निघणार.

तेवढ्यात पूर्वकाठच्या मित्रांनी दार्सोनोला मागे ओढले, खांद्यावर घेतले आणि जयजयकार करत नेले. वस्ताद मंगुन यांनी सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली. "आज तू काठाचं नाव राखलंस," ते म्हणाले.

दार्सोनो हसला. पण त्याच्या डोळ्यांपुढून तो आडवा धरलेला हात हलेना. आपण सुरी काढणार नव्हतो. आपल्या घोट्याला सुरी नव्हतीच. मग आपण वाकत कशासाठी होतो?

दुसऱ्या दिवशी त्याने वस्तादांना विचारले, "वस्ताद, ओंजळ म्हणजे सुरी उपसणं, हे खरं ना?"

"यात विचारायचं काय?"

"नाही, म्हणजे सुरी उपसायला एक हात पुरतो. आपण दोन का नेतो? आणि तळहात वर का? अशा तळहातावर सुरी ठेवता येईल, उपसता येणार नाही."

वस्ताद मंगुन यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. बहुधा हा प्रश्न त्यांनाही कधीतरी पडला असावा आणि त्यांनी तो गिळून टाकला असावा. "हात चालव," ते म्हणाले. "डोकं चालवणारे पुष्कळ आहेत."

हात चालेना. मालिका करताना दार्सोनो ओंजळीपाशी येऊन अडे. त्यात गावात कुजबूज सुरू झाली होती. जावी वर्षाचा पहिला महिना, सुरो, जवळ आला होता. त्या महिन्यात दोन्ही काठांचे लोक रेक्सोच्या कबरीपाशी प्रार्थनेला जमत. वर्षातून तेवढा एकच दिवस ते एका मैदानात उभे राहत. या वेळी पश्चिमकाठचे लोक कपड्यात कोयते गुंडाळून येणार, अशी बातमी होती. ते ऐकून पूर्वकाठही कोयत्यांना धार लावू लागला होता. लेगिमानच्या खांद्याचा हिशेब त्या दिवशी होणार, हे सगळे धरून चालले होते.

तेव्हा दार्सोनोला एका म्हाताऱ्याची आठवण झाली. सोंतो त्याचे नाव. गावातले लोक त्याला म्बाह म्हणत, म्हणजे आजोबा. रेक्सोच्या चुलीवरचा भात खाल्लेला तो शेवटचा जिवंत माणूस. तो दोन्ही काठ सोडून डोंगराच्या उतारावर राहायला गेला होता आणि माडाच्या रसाचा गूळ करून पोट भरत होता. तो भ्रमिष्ट झाला आहे, असे दोन्हीकडचे लोक सांगत. याबाबतीत मात्र दोन्ही काठांचे एकमत होते.

दार्सोनो डोंगर चढून गेला तेव्हा म्हातारा कढईतला रस ढवळत होता. उकळत्या गुळाचा वास अंगणभर पसरला होता.

"पूर्वकाठचा दिसतोस," म्हातारा मान न वळवता म्हणाला. "पाय आपटत चालतोस. वारस कोण ते विचारायला आलास ना? परत जा. रस करपेल."

"नाही, म्बाह. वारस कोण का असेना. मला ओंजळीचं विचारायचंय."

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्याने कढईखालची लाकडे बाहेर ओढली, हात पुसले आणि प्रथमच वळून पाहिले. "ओंजळीचं काय?"

"ती तिथे का आहे?"

"करून दाखव."

दार्सोनोने पुरी मालिका करून दाखवली. शेवटी गुडघा टेकला, तळहात जमिनीलगत नेले, वर आणले. म्हातारा बारकाईने पाहत होता.

"छान," तो म्हणाला. "आता तो माणूस कुठेय?"

"कोण माणूस?"

"ज्याला तू पाडलास."

"पडला तो, म्बाह."

"ते कळलं रे. पण पडला तो कुठे?"

दार्सोनो गोंधळला. हा म्हातारा खरोखरच भ्रमिष्ट असावा, असे त्याला वाटले. मालिका करताना समोर कोणी नसतेच. वाऱ्याशी लढायचे असते, हे पोरालाही ठाऊक असते.

"बरं," म्हातारा म्हणाला, "मला पाड."

"तुम्हाला?"

"इथे दुसरं कोण आहे?" असे म्हणत म्हातारा धोतरासारखे नेसलेले वस्त्र खोचून सरळ त्याच्या अंगावर आला. वय झाले असले तरी हात वेगाने आला. दार्सोनोने विचार केला नाही. शरीराने काम केले. पाय अडकला, कंबर वळली आणि म्हातारा गवतावर पाठीवर जाऊन पडला.

पडला तो उठेना.

"म्बाह!" दार्सोनोने हाक मारली. उत्तर नाही. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडे. एका आठवड्यात दोन माणसे, आणि हा तर हाडांचा सापळा! तो धावत गेला, एक गुडघा टेकला, वाकला, एक हात मानेखाली आणि दुसरा कमरेखाली घातला आणि हळूहळू, काही मोडू नये अशा बेताने उचलू लागला.

म्हातारा अर्धा वर आला आणि त्याने डोळे उघडले.

"थांब," तो म्हणाला. "हलू नकोस. असाच राहा. आता बघ, तुझा गुडघा कुठे आहे? पाठ कशी आहे? तळहात कुठे पाहतायत?"

दार्सोनोने पाहिले. त्याचा गुडघा टेकला होता. पाठ वाकली होती. दोन्ही तळहात वर होते, आणि त्यांवर एका माणसाचे वजन होते.

म्हाताऱ्याला त्याने उठवून बसवले आणि स्वतःही तिथेच गवतात बसला.

"बरगडीला जरा लागलं," म्हातारा पाठ चोळत म्हणाला. "पण सांगून कळणाऱ्यातली गोष्ट नव्हती. आता ऐक. इतिहास विचारायला आलास, तर पुरा ऐकून जा.

"रेक्सो सरदार नव्हता आणि सिद्धपुरुषही नव्हता. गोऱ्यांच्या साखर कारखान्यात तो ऊसतोडीवर होता. अंगात ताकद अचाट. सुट्टीच्या दिवशी मुकादम दोन मजुरांना उभं करायचा आणि साहेबांच्या करमणुकीसाठी झुंजवायचा. रेक्सो नेहमी जिंकायचा. एकदा त्याच्यासमोर मदुरा बेटावरून आलेला एक मजूर उभा केला. त्या माणसाला विद्या येत होती, रेक्सोला फक्त ताकद होती. पण तो माणूस तापातून उठलेला होता. रेक्सोने त्याला आपटला. त्याचा हात मोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, रेक्सोला उचललं आणि जेवायला घेऊन गेले.

"जेवताना रेक्सोच्या मनात आलं, त्या माणसाला कुणी उचललं असेल? नुसतं कुतूहल रे, पुण्यबिण्य काही नाही. तो उठून पाहायला गेला. माणूस होता तिथेच उन्हात पडलेला. जिंकणाऱ्याला उचलायला शंभर हात होते. याला उचलणं कुणाचंच काम नव्हतं. तेव्हा रेक्सो वाकला.

"त्याने त्याला आपल्या झोपडीत नेलं. मोडक्या हाताच्या मजुराला कारखाना ठेवत नाही. म्हणून तो हंगाम संपेपर्यंत रेक्सोने आपला ऊस तोडला आणि त्याचाही तोडला. आणि संध्याकाळी तो माणूस दारात बसून, तोंडाने आणि एका धड हाताने, रेक्सोला आपली विद्या शिकवायचा. ही जी मालिका तू करतोस ना, ती त्याची. पवित्रा त्याचा, हूल त्याची, पेच त्याचा. आपण सगळे रेक्सोला मूळ पुरुष म्हणतो. पण पोरा, रेक्सोचा गुरू तो हरलेला माणूस होता.

"मालिका पुरी झाली तेव्हा तो मदुरेवाला म्हणाला, 'यात आता तुझंही काहीतरी घाल.' रेक्सो म्हणाला, 'मला काय येतं?' तो म्हणाला, 'मला शिकवणाऱ्यांनी माणूस पाडण्यापर्यंत शिकवलं. त्याच्या पुढचं मी तुझ्याकडून शिकलो. ते शेवटी ठेव.' म्हणून ओंजळ शेवटी आहे. तो डाव नाहीच. जो पाडतो त्यानेच उचलायचं, एवढीच ती गोष्ट आहे."

कढईतला रस साकळू लागला होता. म्हाताऱ्याने उठून तो पुन्हा ढवळला.

"मग हे सगळ्यांना ठाऊक का नाही?" दार्सोनोने विचारले.

"मी दोन्ही वारसांना सांगितलं होतं. कुणालाही आवडलं नाही. आपला मूळ पुरुष मजूर होता, साहेबांपुढे झुंजत होता, हे एकाला लाजिरवाणं वाटलं. आपली विद्या हरलेल्या माणसाची आहे, हे दुसऱ्याला सोसेना. त्यांनी गोष्टीतून पडलेला माणूस काढून टाकला. पण तो काढल्यावर ओंजळ रिकामी राहिली, आणि रिकामे हात माणसाला सहन होत नाहीत. मग एकाने त्यांत सुरी ठेवली आणि दुसऱ्याने धूळ."

दार्सोनो ताडकन उठला. "मी खाली जाऊन सांगतो सगळ्यांना. सुरोच्या आत सांगतो."

"सांगून पाहा. मी पाहिलंय सांगून."

"मग करू काय?"

म्हाताऱ्याने गूळ करवंट्यांमध्ये ओतायला सुरुवात केली होती. तो त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "लोकांचं राहू दे. तू कुणाला पाडलंस?"

दार्सोनोची मान खाली गेली. आपण पुलावरची गोष्ट याला सांगितलीच नव्हती, हे त्याच्या ध्यानात आले. पण न सांगताही असा प्रश्न घेऊन येणारा माणूस कुठून येत असेल, हे म्हाताऱ्याला कळायला फार बुद्धी लागत नव्हती.

"तो अजून पडलेलाच असेल," म्हातारा म्हणाला.

लेगिमानचे घर पश्चिमकाठच्या अगदी टोकाला होते. तिथे जाईपर्यंत दार्सोनोच्या मागे दहाबारा माणसे गोळा झाली होती. दारात लेगिमानची बायको वार्सिती तांदूळ पाखडत होती. तिने त्याला ओळखले आणि सूप खाली ठेवले.

"काय राहिलंय आता? दुसरा खांदा?"

"वहिनी, लेगिमान आहेत का?"

लेगिमान ओसरीवर बसला होता. हाडवैद्याने त्याचा हात बांबूच्या कामट्या लावून छातीशी बांधला होता. घरामागे भाताची रोपे वाढून तयार होती आणि खाचर नांगरटीची वाट पाहत कोरडेच पडले होते.

"मी लावणीला आलोय," दार्सोनो म्हणाला. याहून अधिक काही त्याला सुचले नाही.

मागच्या माणसांतून कोणीतरी हसले. कोणीतरी शिवी दिली. लेगिमानने त्याच्या हातांकडे पाहिले.

"हात दाखव," तो म्हणाला.

दार्सोनोने दोन्ही हात उघडे करून पुढे धरले.

"हे कौलं थापायचे हात आहेत," लेगिमान म्हणाला. "यांना लावणी काय जमणार?"

"नाही जमणार," वार्सिती म्हणाली. "पण तुम्हाला तर तेवढीही जमत नाही. पहाटे ये रे. चिखलणीपासून सगळंच राहिलंय."

दार्सोनो पहाटे गेला. चिखल तुडवणे त्याला जमले, ते त्याच्या पायांना सवयीचे होते. पण लावणी म्हणजे निराळीच विद्या. त्याच्या ओळी अशा वाकड्या गेल्या, की बांधावर बसलेल्या लेगिमानला राहवेना. "अरे, रोप खोल नको! गुदमरेल ते! दोन बोटं, फक्त दोन बोटं!" असे तो ओरडत राही. पश्चिमकाठची माणसे रोज बांधावर येऊन हा तमाशा पाहत. पूर्वकाठी वस्ताद मंगुन यांनी निरोप पाठवला, की काठाचे नाक कापणाऱ्याने आखाड्यात पाऊल ठेवू नये. दार्सोनोने तो निरोप ऐकला आणि पुढचे रोप लावले. त्याला वाईट वाटले नाही, असे नाही. बालपणापासून तो त्याच आखाड्याच्या मातीत वाढला होता.

लावणी संपत आली तेव्हा एका दुपारी वार्सितीने दोघांना भात वाढला. लेगिमान डाव्या हाताने जेवत होता. जेवता जेवता तो एकदम म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी तू वाकलास. सुरी काढत होतास ना?"

"नाही."

"मग?"

"तेच मलाही कळत नव्हतं," दार्सोनो म्हणाला, आणि मग त्याने ती कथा सांगितली. कारखाना, मुकादम, मदुरेवाला, मोडलेला हात, दोघांचा ऊस तोडणारा रेक्सो. वार्सितीही हात थांबवून ऐकू लागली.

लेगिमानने ताट बाजूला सारले. मग हसू लागला. हसताना खांदा दुखे म्हणून कळवळे आणि पुन्हा हसे. "म्हणजे इतकी वर्षं आपण भांडतोय की जिंकणाऱ्याचे खरे शिष्य कोण, आणि आहोत सगळे हरणाऱ्याचे!"

"हो."

"काय नाव त्याचं?"

"कुणाचं?"

"त्या मदुरेवाल्याचं."

दार्सोनोचा घास हातातच राहिला. त्याने म्हाताऱ्याला किती प्रश्न विचारले होते! डाव का, हात दोन का, लोकांना ठाऊक का नाही. पडलेल्या माणसाचे नाव विचारायचे मात्र त्याला सुचले नव्हते.

"मला ठाऊक नाही," तो ओशाळून म्हणाला.

"तुला नाहीच सुचणार," लेगिमान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पडल्याशिवाय सुचत नाही ते. चल, विचारून येऊ."

दोघे डोंगर चढले. लेगिमानचा हात बांधलेला असल्याने निसरड्या जागी दार्सोनो त्याला कोपराखाली धरत होता. त्यांना एकत्र येताना पाहून म्हातारा कढईपाशी उठून उभा राहिला. लेगिमानने आपला प्रश्न विचारला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी आले. धूर डोळ्यांत गेला, असे तो म्हणाला.

"मार्जुकी," तो म्हणाला. "त्याचं नाव मार्जुकी. हात सांधला तो वाकडाच सांधला. पुढे एका हंगामात तो मदुरेला परत गेला आणि पुन्हा आला नाही. रेक्सो मरताना त्याचंच नाव घेत होता. बाकीच्यांना वाटलं, वातात बरळतोय." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे नाव आजवर मला कुणीही विचारलं नव्हतं. न विचारता सांगितलं असतं, तर ते नाव राहिलं नसतं, आणखी एक भांडण झालं असतं."

सुरो महिन्याचा तो दिवस उजाडला. कबरीच्या मैदानात एका बाजूला पूर्वकाठ उभा राहिला, दुसऱ्या बाजूला पश्चिमकाठ. बऱ्याच जणांच्या बगलेत कापडात गुंडाळलेले काहीतरी लांबट होते. बायका-मुलांना यंदा कोणी आणले नव्हते. वार्सिती मात्र आली होती आणि कोणी हटकले तरी हलली नव्हती.

गावचा मोदिन, म्हणजे प्रार्थना सांगणारा, पुढे आला. रीत अशी, की प्रार्थनेआधी ज्यांच्यासाठी ती करायची त्या पूर्वजांची नावे घ्यायची. त्याने रेक्सोचे नाव घेतले. दोन्ही वारसांची नावे घेतली, आधी कोणाचे घ्यावे यावर दरवर्षी होणारी कुरबूर झाली. मग त्याने विचारले, "आणखी कुणाचं नाव?"

हा प्रश्नही रीतीचाच होता. त्याला कधी कोणी उत्तर देत नसे.

"मार्जुकी," पूर्वेकडून एक आवाज आला.

"मार्जुकी," पश्चिमेकडूनही त्याच क्षणी एक आवाज आला.

दोन्ही काठांच्या तोंडून एकच नाव निघाल्याचे कोणाच्याही आठवणीत नव्हते. लोक दार्सोनोकडे पाहू लागले, लेगिमानकडे पाहू लागले, एकमेकांकडे पाहू लागले.

"कोण मार्जुकी?" पश्चिमकाठच्या एका दांडग्या माणसाने विचारले. त्याच्या बगलेतले गाठोडे सर्वांत लांब होते.

"आमच्यात तर या नावाचा कोणी नाही," पूर्वकाठचा एक जण म्हणाला. "तुमच्यात आहे का?"

"नाही बुवा. कोण होता तो?"

"बसा," लेगिमान म्हणाला. "गोष्ट जरा लांब आहे. आणि मला फार वेळ उभं राहवत नाही."

काही जण बसले. बगलेत कोयता धरून मांडी घालता येत नाही, म्हणून त्यांनी गाठोडी बाजूला ठेवली. वस्ताद मंगुन बसले नाहीत. गोष्ट कारखान्यापर्यंत आली, तेव्हा "आमच्या मूळ पुरुषाला मजूर म्हणता?" असे म्हणून ते तरातरा निघून गेले. त्यांच्याबरोबर पाचसहा जण गेले. बाकीचे थांबले. त्यांना पुढे काय झाले ते ऐकायचे होते. मधूनच कोणी विचारी, "मग त्याचा ऊस कुणी तोडला?" कोणी विचारी, "हात पुन्हा सरळ झाला का?" दार्सोनोला जेवढे ठाऊक होते तेवढे त्याने सांगितले. जे ठाऊक नव्हते त्याला तो सरळ "ठाऊक नाही" म्हणाला.

त्या वर्षी दोन्ही काठांचा समेट झाला, असे मी सांगणार नाही. आखाडे दोनच राहिले. वस्ताद मंगुन पुढे कितीतरी वर्षे सुरीच शिकवत होते. पण त्या दिवशी उन्हे कलेपर्यंत लोक मैदानात बसून राहिले, आणि गाठोडी न सोडताच घरी गेली. परतताना पुलावर पश्चिमकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दार्सोनोला थांबवले. ऐन तारुण्यात त्याने पूर्वकाठच्या एका माणसाचा गुडघा निकामी केला होता. त्या माणसाचे घर कोणत्या गल्लीत आहे, एवढेच त्याला विचारायचे होते. दार्सोनो त्याला घरापर्यंत पोचवायला निघाला.

कोणत्याही घराण्याचा, संघाचा, गावाचा इतिहास ऐकताना कोण जिंकले हे आपल्याला न विचारताच सांगितले जाते. पडला तो कोण, हे मात्र आपणच विचारावे लागते.